झोपेचे गुण

प्रश्न : मनगटावरचं घड्याळ रोज झोपेला गुण देतं. उठताना छान वाटत असतं, पण आकडा कमी दिसला की दिवसभर गळून जाते. माझी झोपच बिघडली आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, घड्याळाला तुमचा मेंदू दिसत नाही. हालचाल आणि नाडीचे ठोके यांवरून ते गाढ झोपेचा नुसता अंदाज बांधतं. मेंदूच्या लहरी मोजायला डोक्याला तारा लावाव्या लागतात. आकड्यापायी झोपेची धास्ती घेणारे रुग्ण अमेरिकेतल्या तज्ज्ञांनाही भेटले. २०१७ साली त्यांनी याला ‘ऑर्थोसोम्निया’ म्हटलं. मला काळजी वाटते ती याची, की तुमच्या अंगाची साक्ष तुम्हालाच खोटी वाटू लागली आहे. सकाळचा चहा होईपर्यंत आकडा बघू नका. झोप कशी झाली, ते आधी वहीत लिहा. दिवसा डुलक्या येत असतील किंवा घोरताना श्वास अडकत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.