नाशिकहून खाडीवर चिंबोऱ्या धरायला जाताय? आधी तिथी बघा

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: राहायला इंदिरानगरला, मुलं ९ आणि १३ वर्षांची, पावसाळ्यात त्र्यंबककडच्या ओहोळात बॅटरी घेऊन खेकडे धरायची सवय आहे. आता थंडीत ‘एखाद्या रविवारी’ खाडीवर जाऊन मोठ्या चिंबोऱ्या (खाडीतले खेकडे) धरायच्यात आणि जिवंत घरी आणायच्यात. सामान काय घ्यावं आणि जावं कुठे?

सामानाचं नंतर बघू. आधी तो ‘एखादा रविवार’ खोडून टाका. ओहोळातला खेकडा तुम्ही कधीही जा, दगडाखाली असतोच. खाडीत तुमच्या सुट्टीला काही किंमत नाही, तिथे पाण्याची वेळ चालते. माझ्या पहिल्या खेपेचा जवळजवळ अख्खा दिवस याच कारणाने वाया गेला होता. पहाटे निघून पोचलो तर पाणी खाली खाली चाललेलं, समोर नुसता काळा चिखल. दुपारी जेवलो, सूर्य कलला, निघायची वेळ झाली आणि तेव्हा पाणी चढायला लागलं.

किनाऱ्यावरची माणसं साधा हिशोब करतात. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, की भरती पुरी होण्याची वेळ निघते. चतुर्थीला ३, षष्ठीला साडेचार, अष्टमीला ६. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि खाडीत जितकं आत जाल तितकं पाणी उशिरा पोचतं. भरतीच्या सव्वासहा तास आधी ओहोटी संपलेली असते. म्हणजे षष्ठीला सव्वादहाच्या सुमारास पाणी तळाला जातं आणि तिथून साडेचारपर्यंत चढत राहतं. सकाळी सहाला नाशिक सोडलं की साडेदहाला खाडीवर, अख्खी भरती हाताशी, आणि रात्री घरी. म्हणून आपल्या नाशिककरांसाठी पंचमी ते सप्तमी हे दिवस सोयीचे. शिवाय तेव्हा उधाण (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती) ओसरून भांगाकडे, म्हणजे अष्टमीच्या लहान भरतीकडे, चाललेलं असतं, पाण्याला ओढ कमी असते, फग (चिंबोऱ्या धरायची कड्याची जाळी) जागच्या जागी राहतात. (चतुर्थी पण चालते, पण ती संकष्टी निघाली तर घरच्यांशी तुमचं तुम्ही बघा.)

जागा म्हणाल तर मी वैतरणेची खाडी सांगेन, सफाळ्याच्या बाजूने. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर करत वरई फाट्यावरून आत. याला जवळिकीशिवाय आणखी एक कारण आहे, ते जरा भावनिक आहे. गंगा (म्हणजे आपली गोदावरी) आणि वैतरणा दोघी आपल्या त्र्यंबकच्याच डोंगरातल्या. गंगा पूर्वेला वळली ती थेट आंध्रात समुद्राला मिळते. वैतरणा पश्चिमेला उतरली, वाटेत मुंबईला पाणी पाजलं आणि दातिवरे-अर्नाळ्याजवळ समुद्राला मिळाली. तुमच्या मुलांनी ज्या डोंगरात खेकडे धरलेत, तिथल्याच पाण्याच्या दुसऱ्या टोकाला ती उभी राहणार आहेत. हे त्यांना नकाशावर दाखवून मगच न्या.

पण खेकडा मात्र तो नव्हे. ओहोळातली मादी पोटाखाली बारीक पिल्लं घेऊन फिरते, अंड्यातून थेट खेकडाच बाहेर येतो. खाडीतल्या काळ्या चिंबोरीची मादी अंडी घालायला समुद्राकडे जाते, पिल्लं तिकडे पाण्यात तरंगत वाढतात आणि मग खाडीत, तिवरांत (खारफुटीत) परततात. पावसाळ्यात वरून गोडं पाणी लोटलं की चिंबोऱ्या मुखाकडे सरकतात. आत भर असते ती पाऊस सरल्यावर. मी कोजागिरीनंतर ते होळीपर्यंत जातो.

आता सामान. नवख्या माणसाने बिळात आकडी घालायच्या फंदात पडू नये. त्याला हात बसलेला लागतो, आणि तिवरांतल्या चिखलात गुडघ्यापर्यंत रुतल्यावर खाली कालवं असली तर पाय कापतात. फग वापरा. लोखंडी सळीचं दीड-दोन फुटांचं कडं, त्याला सैल जाळी, मधोमध आमिष घट्ट बांधलेलं, कड्याला तीन दोऱ्या वर एकत्र आणून एक लांब दोरी. मुलांसह चार माणसांना सहा फग पुष्कळ. आमिषाला माशांची डोकी किंवा कोंबडीची आतडी. सडकंच लागतं असं लोक म्हणतात, माझ्या अनुभवात ताज्यावर जास्त येतात, आणि गाडीलाही वास येत नाही.

फग सोडला की दहा-पंधरा मिनिटं विसरा. मुलं दर मिनिटाला उचलतील, त्यांना पत्ते खेळायला द्या. उचलताना पहिला ताण हळू घ्या, दोरी सरळ झाली की मग न थांबता एका दमात वर. मध्ये थांबलात की चिंबोरी कडेवरून निसटते. मागचे दोन पाय वल्ह्यासारखे चपटे असतात, ती चांगली पोहते.

वर आली की तिला तिथेच जाळीत राहू द्या, नाचू दे. धरायचं मागून, त्या वल्ह्यांच्या मुळाशी, अंगठा वर आणि बोटं पोटाखाली. पायाने पाठ हलके दाबून आधी डेंगे (पुढच्या नांग्या) बांधायचे. मुलांनी हे फक्त बघायचं. मोठ्या चिंबोरीच्या डेंग्यात बोट सापडलं तर हाडापर्यंत जातं. सापडलंच तर ओढू नका, हात तिच्यासकट पाण्यात धरा, बहुतेक वेळा सोडते.

ठेवायची कोणती? उलटी करा. पोटावरची झडप अरुंद, टोकदार असेल तर नर. रुंद, अर्धगोल असेल तर पिकलेली मादी. पायांच्या मुळाशी खालून अंगठ्याने दाबा. कवच दबलं तर नुकतीच कात टाकलेली आहे, आत नुसतं पाणी. पाठ चकचकीत, नवी कोरी दिसली तरी तोच संशय घ्या. मळकट, घासलेली, पाठीवर शिंपलेबिंपले चिकटलेली चिंबोरी भरलेली निघते. अमावास्येला भरलेल्या आणि पौर्णिमेला पोकळ असं सगळे सांगतात. मी तिथीपेक्षा अंगठ्यावर विश्वास ठेवतो. पोकळ आणि तळहाताहून लहान त्या परत सोडायच्या. लाखवाल्या, म्हणजे आत अंडी भरलेल्या, माद्याही मी सोडतो. त्यावरून घरी दर वेळी बोलणी खातो, कारण खरी चव लाखेतच असते.

आता जिवंत आणण्याचं, कारण इथेच सगळे चुकतात. मीही चुकलो होतो. पहिल्या खेपेला शेवटच्या तासाभरात नऊ मिळाल्या. मोठ्या हौसेने बादलीभर पाण्यात ठेवल्या, वर झाकण. जव्हारला चहाला थांबलो तेव्हा झाकण उघडलं, तर पाण्यावर फेस आणि दोनच हलत होत्या. मोखाड्यात त्याही गेल्या. बंद बादलीतल्या पाण्यातला प्राणवायू त्या तासाभरात संपवतात. बाहेर, कल्ले ओले राहिले तर दिवस दिवस जगतात. म्हणून पाणी नकोच. डेंगे बांधलेल्या चिंबोऱ्या टोपलीत एका थरात, वर खाडीच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट, आणि टोपली सावलीत. नळाचं पाणी मारू नका, बर्फावर थेट ठेवू नका. वाटेत मेलेली फेकून द्या, ती फार लवकर खराब होते. एवढ्या लांब आणली म्हणून मोह नको.

घरी आल्यावर तासभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा, निपचित पडल्या की मग तोडा. बारीक पाय वाटून, गाळून ते पाणी रश्शात घाला. आपला काळा मसाला चालतो, पण हात आखडून. ओहोळातल्या खेकड्यांबाबत एक सांगतो, ते नीट शिजल्याशिवाय खाऊ नका, त्यांच्यातून फुप्फुसाचा कृमी होऊ शकतो. अर्धवट भाजून चोखायची सवय असेल तर मोडा.

बाकी, तिवरं तोडायची नाहीत, फांदीसुद्धा. खाजणाच्या (खाडीलगतच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीच्या) बांधावर उघाडी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायची झडप, दिसली तर तिच्या आसपास फग टाकू नका, आतलं पाणी आणि मासळी कुणाच्या तरी मालकीची असते. आधी गावात जाऊन विचारा. काका, मामा म्हणून नीट बोललात तर जागाही दाखवतात आणि फगही देतात. पहिल्या खेपेला परतीच्या वाटेवर मला रिकाम्या बादलीसकट बघून एका मावशींनी विचारलं होतं, “नाशिकचे का? पाण्यात ठेवल्या असतील.” म्हणजे आपल्यातला मी पहिला नव्हतो.