‘डॉट ईएनव्ही’ फाइलमध्ये पासवर्ड बदलूनही ग्राफानाचा डॅशबोर्ड जुनाच पासवर्ड का मागतो?

कोथरूडच्या सोसायटीतील टाक्यांची पाणीपातळी आलेखांत दाखवणारा ग्राफाना हा प्रोग्रॅम आपण डॉकर कंपोझवर (प्रोग्रॅम ‘कंटेनर’ नावाच्या स्वतंत्र कप्प्यांत चालवणाऱ्या साधनावर) चालवता, ‘डॉट ईएनव्ही’ या सेटिंग्जच्या फाइलमध्ये पासवर्ड बदलून ‘रीस्टार्ट’ दिले आणि तरीही काही फरक पडला नाही, असे आपण लिहिले आहे. येथे दोन वेगळी कारणे एकत्र आली आहेत.

‘रीस्टार्ट’ ही आज्ञा जुनाच कंटेनर पुन्हा सुरू करते आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला बाहेरून दिलेली सेटिंग) कंटेनर तयार होतानाच त्यात शिरत असल्यामुळे फाइलमधील बदल त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. त्यासाठी ‘डॉकर कंपोझ अप’ ही आज्ञा ‘उणे डी’ जोडून द्यावी. शिवाय कंपोझ ती फाइल आपोआप वाचते ते केवळ स्वतःच्या यामल फाइलमधील (कोणता कंटेनर कसा चालवायचा हे सांगणाऱ्या फाइलमधील) रिकाम्या जागा भरण्यासाठी. ‘एन्व्हायर्नमेंट’ किंवा ‘ईएनव्ही फाइल’ या नावाच्या नोंदीखाली यामल फाइलमध्ये उल्लेख नसेल, तर कंटेनरला त्यातले काहीच दिसत नाही. (मी स्वतः यात एक अख्खा रविवार घालवला आहे.)

मात्र एवढे करूनही आपला पासवर्ड बदलणार नाही, कारण ग्राफाना प्रशासकाच्या पासवर्डचे व्हेरिएबल केवळ पहिल्यांदा सुरू होताना वाचतो आणि पुढे डेटाबेसमधील नोंदच खरी मानतो. व्हॉल्यूम (ग्राफानाचा डेटाबेस जिथे साठतो ती जागा) पुसण्याच्या फंदात पडू नये, कारण त्याबरोबर डॅशबोर्डही जातील. कंटेनरमध्ये ‘ग्राफाना सीएलआय ॲडमिन रीसेट-ॲडमिन-पासवर्ड’ ही आज्ञा नव्या पासवर्डसह चालवावी.

पासवर्डमध्ये डॉलरचे चिन्ह असल्यास फाइलमध्ये तो एकेरी अवतरणात ठेवावा, अन्यथा कंपोझ पुढील अक्षरांना दुसऱ्या व्हेरिएबलचे नाव समजते.