कार्डाची माहिती मागणारा मेल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. कारखान्याच्या मेलवर बँकेच्या नावाने पत्र आलं : ‘केवायसी अपूर्ण असल्याने आपलं क्रेडिट कार्ड २४ तासांत बंद होईल, खालील बटण दाबून माहिती भरा.’ लोगो बँकेचाच आहे आणि कार्डाचे पहिले सहा आकडेही बरोबर आहेत. हिशेबनीस म्हणतात, खरा असणार. कसं ओळखायचं?

उत्तर : मेल खोटा आहे, आणि तुमच्या हिशेबनिसांना जो पुरावा वाटतो त्यावरूनच शंका यायला हवी. कार्डाचे पहिले सहा आकडे तुमचे नसतात, बँकेचे आणि कार्डाच्या प्रकाराचे असतात. त्याच प्रकारचं कार्ड असलेल्या हजारो ग्राहकांचे ते सारखेच असतात आणि कुणालाही सहज मिळतात. बँक ओळख पटवण्यासाठी सहसा शेवटचे चार आकडे छापते.

पाठवणाऱ्याचं नाव वाचून थांबू नका. तिथे कुणीही काहीही लिहू शकतं. मोबाइलवरच्या जीमेलमध्ये नावाखालच्या ‘टू मी’वर बोट ठेवून तपशील उघडा, म्हणजे मेल ज्यावरून आलाय तो पत्ता दिसेल. बटण दाबू नका. त्यावर बोट दाबून धरलं, की लिंकचा पूर्ण पत्ता दिसतो. सुरुवातीचं ‘https://’ सोडून तो पुढच्या पहिल्या तिरक्या रेघेपर्यंत (/) घ्या आणि उजवीकडून वाचत या. समजा, ‘तुमची-बँक डॉट कार्ड-अपडेट डॉट कॉम’ असं लिहिलंय. इथे मालक ‘कार्ड-अपडेट डॉट कॉम’ आहे. पुढे बँकेचं नाव लावायला त्याला कुणाची परवानगी लागत नाही. पानावर कुलपाचं चिन्ह दिसलं म्हणूनही निश्चिंत होऊ नका. तुम्ही भरलेली माहिती वाटेत तिसऱ्याला वाचता येणार नाही, एवढंच ते सांगतं. समोर चोर बसला असेल, तर माहिती थेट त्याच्याच हातात जाते.

बँकांनी आपली संकेतस्थळं ‘डॉट बँक डॉट इन’वर न्यावीत, यासाठी रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती. हे नाव फक्त बँकांनाच मिळतं. सोलापुरात सहकारी बँकांचे खातेदार पुष्कळ, त्यांनी ही खूण आवर्जून लक्षात ठेवावी. तरीही लिंकवरून न जाता पत्ता स्वतः टाइप करणं किंवा बँकेचं ॲप उघडणं केव्हाही चांगलं.

पत्ता तपासायला जमलं नाही, तर मेल काय मागतोय तेवढं बघा. कार्ड बँकेनेच दिलंय, त्याचा नंबर तिच्याकडे आहेच. मेलवरून नंबर, मुदत, मागचा तीन आकडी सीव्हीव्ही, पिन किंवा ओटीपी मागायचं बँकेला काही कारणच नाही. २४ तासांची धमकी असते ती तुम्ही शाखेत फोन करू नये म्हणून. फोन जरूर करा, पण मेलमधल्या नंबरवर नाही, कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर.

प्रश्न : वडिलांनी अशाच मेलमधल्या फॉर्मवर कार्डाचा नंबर, मुदत आणि सीव्हीव्ही भरला. ओटीपी दिला नाही, पैसेही गेले नाहीत. आता धोका टळला ना? (होटगी रोड)

उत्तर : नाही. हे वाचून होताच कार्ड कायमचं ब्लॉक करा. भारतातल्या संकेतस्थळांवर ओटीपीसारखी दुसरी खातरजमा लागते, पण परदेशातल्या अनेक दुकानांत नंबर, मुदत आणि सीव्हीव्ही एवढ्यावर पैसे कापले जातात. २०२०पासून नव्या कार्डांवर ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार सुरुवातीला बंदच असतात. मात्र वडिलांनी ते कधी चालू केले असतील किंवा कार्ड त्याआधीचं असेल, तर दार उघडं असू शकतं. ॲपमधलं तात्पुरतं लॉक पुरेसं नाही, कारण चोराकडे गेलेला नंबर तोच राहतो. नवा नंबर असलेलं नवं कार्ड मागवा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आता वडिलांना फोन येण्याची दाट शक्यता आहे : ‘बँकेतून बोलतोय, तुमच्या कार्डावर चोरीचा व्यवहार झालाय, तो रद्द करायला आलेला ओटीपी सांगा.’ बोलणाऱ्याला कार्डाचा पूर्ण नंबर माहीत असल्यामुळे खरं वाटतं. प्रत्यक्षात त्या क्षणी तोच खरेदी करत असतो. ओटीपीच्या मेसेजमध्ये सहसा रक्कम आणि दुकानाचं नाव असतं. नुसते आकडे न पाहता मेसेज पूर्ण वाचायला त्यांना आजच सांगा. रागावू नका, नाहीतर पुढचा फोन ते तुमच्यापासून लपवतील.

ब्लॉक केल्यावर बँकेला लेखी कळवा, तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ग्राहकाने स्वतः माहिती दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून ती वेळ मोलाची. मेल डिलीट करू नका, तो पुरावा आहे. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येते ती इथूनच, त्यामुळे शाखा उघडायची वाट पाहू नका. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, शुल्क लागत नाही.

प्रश्न : आयकर परतावा मंजूर झाल्याचा मेल आलाय, त्यात डेबिट कार्डाचा नंबर आणि पिन विचारलाय. भरू का? (दमाणी नगर)

उत्तर : भरू नका. परतावा कार्डावर येत नाही, आयकर पोर्टलवर तुम्ही आधी पडताळून ठेवलेल्या बँक खात्यात जमा होतो. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. परतावा खरंच निघालाय का, हे पोर्टलचा पत्ता स्वतः टाइप करून, लॉगिन करून बघा.