८३ वर्षांच्या आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन: डॉक्टरांना काय विचारावं

दादा, तुम्ही कागलहून विचारलंय: आई ८३ वर्षांच्या, पित्ताशयात खडे, आता सूज. एक डॉक्टर दुर्बिणीतून पित्ताशय काढू म्हणतात, दुसरे वय बघता नुसती नळी घालू म्हणतात. मी कोल्हापुरात तीस वर्षं सर्जरी वॉर्डात सिस्टर होते. निर्णय डॉक्टरांचाच, पण काय विचारायचं ते सांगते.

घरच्यांना नळी सोपी वाटते. जागा बधिर करून, सोनोग्राफीत बघत ती पित्ताशयात घालतात; पूर्ण भूल लागत नाही. तुंबलेलं पित्त, पू बाहेर येतो, ताप उतरतो. रक्तदाब ढासळलेले पेशंट नळीवर सावरलेले मी पाहिलेत. पण खडे आतच राहतात. नळी कित्येक आठवडे, पित्त जमा होणाऱ्या बाहेरच्या पिशवीसकट सांभाळावी लागते, ती तुंबते, निसटते, आणि भ्रमात गेलेली म्हातारी माणसं रात्री ओढून काढतात. नेदरलँड्समध्ये १४२ जोखमीच्या पेशंटवर चाचणी झाली, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. मोठी गुंतागुंत ऑपरेशनवाल्यांत १२ टक्के, नळीवाल्यांत ६५ टक्के. मृत्यूंत मात्र ठोस फरक दिसला नाही, आणि अगदी अत्यवस्थ पेशंट त्यात घेतलेच नव्हते.

म्हणून वय बाजूला ठेवा आणि आठवा, दुखणं यायच्या पंधरा दिवस आधी आई काय करत होत्या? स्वतः अंघोळ, देवपूजा, बाजारापर्यंत चालणं होत असेल तर ८३ हा आकडा आडवा येऊ देऊ नका. सहा महिन्यांपासून अंथरुणावर असतील, अंग झडलं असेल, तर आधी नळीच बरी. हे भूलतज्ज्ञांना स्पष्ट सांगा. रिपोर्टात ते लिहिलेलं नसतं. इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल अशी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही सांगा, मनानं बंद करू नका. सर्जनना विचारा, सूज फार चिकटलेली निघाली तर पित्ताशयाचा थोडा भाग आत ठेवून थांबाल ना? वॉर्डात तसं थांबलेले सर्जन मला नेहमीच भरवशाचे वाटले.

ऑपरेशननंतर चष्मा, कानाचं मशीन लगेच द्या, घरचं माणूस उशाशी ठेवा, जमेल तितक्या लवकर खुर्चीत बसवा. भ्रमाला यानं बराच आळा बसतो.

एक तुम्ही लिहिलं नाहीत. डोळे पिवळे दिसताहेत का? तसं असेल तर खडा मुख्य पित्तनलिकेत अडकलेला असू शकतो, आणि तो बहुधा आधी तोंडावाटे दुर्बीण घालून काढावा लागतो. आजच बघा.