उरलेल्यासाठी बांध

बाळा,

परवा पडवीत रिपोर्ट उलटापालटा करताना तू सारखा उजवा डोळा मनगटाने चोळत होतास. आधी ते बंद कर. कितीही खाज येऊ दे. खाजेसाठी थेंब मिळतात, ते माग.

"काका, नजर सुधारणारच नसेल तर क्रॉस-लिंकिंग करायचं कशाला?" असं विचारलंस. अरे, खाडीकाठी वाढलेला तू! भरतीने बांध फोडला, खारं पाणी शिरलं, की ती खाचरं नासतात. म्हणून बाकीची वाऱ्यावर सोडतो का आपण? आहे ते राखायचं असतं.

तुझा कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतोय; यालाच केराटोकोनस म्हणतात. मुळात त्याची जाडीच अर्धा मिलिमीटर. क्रॉस-लिंकिंगच्या नेहमीच्या पद्धतीत वरचा नाजूक थर काढून अर्धा तास रायबोफ्लेविनचे, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचे थेंब घालतात, मग अर्धा तास अतिनील प्रकाश देतात. आतले कोलॅजनचे धागे त्याने एकमेकांना घट्ट धरतात. बहुतेकांचा हा फुगवटा वाढणं तिथेच थांबतं. चष्मा, लेन्स नंतरही लागेल. लागू दे.

मलाही २०११च्या मार्चमध्ये हेच करायला सांगितलं होतं. रात्री खाडीतल्या होड्यांच्या दिव्यांना शेपट्या फुटलेल्या दिसायच्या, तरी म्हटलं, हापूस उतरू दे. मग लावणी आली, मग गणपती. दिवाळीनंतर गेलो तर डावा कॉर्निया ४०० मायक्रॉनच्या, म्हणजे ०.४ मिलिमीटरच्या खाली. नेहमीच्या पद्धतीला निदान तेवढी जाडी हवी. शेवटी त्या डोळ्यात दान मिळालेला कॉर्निया बसवावा लागला. उजव्याचं मात्र लगेच केलं, आणि त्याच डोळ्याने हे लिहितोय.

बागेवर कर्ज होतं, बाबा अंथरुणाला खिळलेले, पेट्या कोण भरणार होतं? मी चालढकल करणारा माणूस नव्हतो, हे तुला कळायला हवं. तरी डोळा गेला तो माझाच. तुला कसलं कर्ज आहे? परीक्षा? ती पुन्हा देता येते.

आहे ते राख. रिपोर्टमधला कॉर्नियाचा मागचा आणि आताचा नकाशा शेजारी ठेवून डॉक्टरांना एवढंच विचार, वाढतोय का? हो म्हणाले तर तारीख घेऊनच उठ. पहिले दोन-तीन दिवस डोळा ठणकेल, पाणी येईल, काही आठवडे धूसर दिसेल. घाबरू नकोस. आईला थेंब घालायला जमलं नाही तर मी आहे.

सोमवारी पहाटेच्या एसटीने निघू. रिपोर्ट सगळे घे, जुनेसुद्धा.

तुझा काका