मशीन चीनमध्येच बनते, मग तिथे विकताना एवढे वांधे का?

प्रश्न : सर, मी बीबीएच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रोजेक्टला विषय मिळालाय ‘परदेशी व्हिडिओ गेम कन्सोल चीनच्या मार्केटमध्ये उतरवणे’. मला वाटलेलं सोपं जाईल, कारण बहुतेक कन्सोल (टीव्हीला लावून गेम खेळायच्या मशीन) जुळवले तिथेच जातात, गिऱ्हाईक पण तिथे भरपूर. पण वाचायला बसलो तर जो तो आपटलेलाच दिसतोय. नक्की घोडं कुठे अडतं? – ओंकार

उत्तर : ओंकार, घोडं मशीनपाशी अडत नाही रे, गेमपाशी अडतं. मशीन एकदा पास झाली की झाली, पण गेम मात्र एकेक करून पास करून घ्यावा लागतो, आणि कन्सोल कोणी शोभेला घेत नाही, त्यावर काय खेळायला मिळतं ते बघून घेतो. प्रोजेक्टमध्ये बाकी सगळं विसरलास तरी हे विसरू नको.

आता मागचं थोडं सांगतो. जून २००० मध्ये चीनच्या संस्कृती मंत्रालयासकट सात खात्यांनी मिळून फतवा काढला. मुळात कारवाई गेम पार्लरवर होती, पोरं बिघडतात म्हणून, पण त्यातच देशात विकण्यासाठी गेमची मशीन बनवायला आणि विकायला पण बंदी घातली. बाहेर पाठवायला बनवा, त्याला ना नाही! पीसी यात नव्हता, मोबाईलचा तर प्रश्नच नव्हता तेव्हा, मग पोरं सरळ नेट कॅफेत जाऊन बसली आणि एका अख्ख्या पिढीला सवय लागली की गेम फुकट असतो, पैसे द्यायचे ते आतल्या तलवारीला आणि कपड्यांना. माझ्या मते बंदीचं खरं नुकसान हे आहे. बंदी उठवता येते, सवय कशी उठवणार? आधी मशीनला हजारो मोजा, मग दर गेमला वेगळे पैसे द्या, हे तिथल्या माणसाला पटवायलाच लागतं.

बंदीच्या आधी तिथे कन्सोल नव्हतेच असं मात्र समजू नको. नव्वदच्या दशकात शियाओबावांग नावाची कंपनी निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम कन्सोलची नक्कल कीबोर्ड लावून ‘लर्निंग मशीन’ म्हणून विकायची, जाहिरातीत साक्षात जॅकी चॅन. आईबापांना वाटायचं पोरगं टायपिंग शिकतंय. (ती कंपनी मोठी करणारे दुआन योंगपिंग, त्यांनीच पुढे बीबीके काढली जिच्यातून ओप्पो-विवो आले. प्रोजेक्टमध्ये टाक, सर खूश होतील.)

मग सप्टेंबर २०१३ मध्ये शांघायचा फ्री ट्रेड झोन (जिथे व्यापाराचे नियम सैल असतात असा भाग) उघडला आणि त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने बेसटीव्ही या शांघायच्या सरकारी मीडिया ग्रुपमधल्या कंपनीबरोबर ७.९ कोटी डॉलरची भागीदारी जाहीर केली. जानेवारी २०१४ मध्ये बंदी तात्पुरती बाजूला ठेवली, अट अशी की कंपनी झोनमध्ये नोंदवा, आणि विकायच्या आधी संस्कृती खात्याकडून पास करून घ्या. मायक्रोसॉफ्टचा कन्सोल एक्सबॉक्स वन २३ सप्टेंबरला येणार म्हणून जाहीर झालेला, ऐन वेळी पुढे ढकलला, आणि शेवटी २९ तारखेला आला. किंमत ३,६९९ युआन, किनेक्टसकट (हालचाल ओळखणारा कॅमेरा) ४,२९९. आणि गेम किती तर दहा! फोर्झा मोटरस्पोर्ट ५ होता, झू टायकून होता, पण ज्याच्यासाठी लोक एक्सबॉक्स घेतात तो ‘हेलो’ हा गेम नाही, ‘कॉल ऑफ ड्यूटी’ नाही. नवरदेव आला पण वऱ्हाडच आलं नाही अशी गत.

त्यात वर मशीनला रीजन लॉक लावलेलं, म्हणजे बाहेरून आणलेला गेम घातला तर चालणारच नाही. आता विचार कर, बंदीच्या चौदा वर्षांत हाँगकाँग आणि जपानवरून चोरवाटेने आलेले कन्सोल तिथल्या दुकानांत आणि नंतर ताओबाओ या ऑनलाइन बाजारात राजरोस मिळतच होते, त्यावर सगळे गेम चालायचे, मग कायद्याने वागून कमी माल कोण घेईल? २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने लॉक काढलं, पण पहिल्या दिवसाचं गिऱ्हाईक गेलं ते गेलं. त्याच वर्षी जुलैमध्ये बंदी देशभर उठली.

गेम पास होण्याचं गणित असं की रक्तपात, जुगार, अंधश्रद्धा, देशाच्या एकतेला धक्का, यातलं काही दिसलं की फाईल अडकली. परदेशी कंपनीला स्वतः गेम प्रसिद्ध करता येत नाही, स्थानिक प्रकाशक लागतो, आणि गेमला पुस्तकासारखा प्रकाशन क्रमांक मिळावा लागतो. २०१८ पासून हा सगळा कारभार कम्युनिस्ट पक्षाच्या प्रचार विभागाकडे गेला आणि त्याच वर्षी मार्च ते डिसेंबर एकही क्रमांक निघाला नाही. पुन्हा जुलै २०२१ ते एप्रिल २०२२ तेच. आता तू कंपनीत लाँचची तारीख ठरवायला बसलास तर काय ठरवशील? म्हणून प्रोजेक्टमध्ये तक्ता टाकायचाच असेल तर किमतींचा नको, कुठल्या वर्षी किती गेम पास झाले याचा टाक.

प्रश्न : सोनी आणि निन्टेन्डोने मायक्रोसॉफ्टपेक्षा काही वेगळं केलं का? की सगळे एकाच माळेचे मणी? – स्नेहल

उत्तर : वेगळं केलं, आणि माझं मत विचाराल तर सोनी त्यातल्या त्यात शहाणी निघाली. त्यांचा पीएस४ (प्लेस्टेशन ४) पण आधी ११ जानेवारी २०१५ ला येणार होता, तो आला २० मार्चला, भागीदार शांघायचीच ओरिएंटल पर्ल, किंमत २,८९९ युआन. पास झालेले गेम इथेही बोटावर मोजण्याइतकेच होते, पण सोनीने डिस्कला लॉक घातलं नाही. बाहेरची डिस्क घाला, खेळा. ऑनलाइन स्टोअर मात्र फक्त चीनचं. तर लोकांनी बॅकअप घेऊन परत रिस्टोर करायची एक युक्ती शोधली ज्याने मशीन बाहेरच्या स्टोअरला पण जोडता यायची, आणि ही गोष्ट वर्षानुवर्षं सगळ्यांना माहीत होती, कोणी काही बोलत नव्हतं. मे २०२० मध्ये चीनचं प्लेस्टेशन स्टोअर अचानक बंद झालं, कारण दिलं ‘सिक्युरिटी अपग्रेड’. तेव्हा चर्चा अशी होती की कुणीतरी तक्रार केली. सोनीने दुसरं चांगलं काम केलं ते म्हणजे चायना हिरो प्रोजेक्ट, तिथल्याच छोट्या स्टुडिओंना पैसा आणि मदत देऊन गेम बनवून घेणं. बाहेरचा गेम पास करत बसण्यापेक्षा घरचा गेम उभा करा, हे डोकं बरोबर चाललं.

निन्टेन्डोची तऱ्हा आणखी निराळी. बंदी असतानाच २००३ मध्ये त्यांनी शास्त्रज्ञ वेई येन यांच्याबरोबर आयक्यू नावाच्या कंपनीतून आयक्यू प्लेअर आणला. ही मशीन बघण्यासारखी होती, डबा वेगळा नाहीच, सगळं कंट्रोलरच्या आतच, वायर सरळ टीव्हीला लावायची. गेम एका छोट्या मेमरी कार्डात, नवा गेम हवा तर कार्ड घेऊन दुकानात जायचं आणि भरून आणायचं, म्हणजे पायरसीला वाव कमी. आयडिया झकास होती पण गेम पुन्हा थोडेच. नंतर १० डिसेंबर २०१९ ला टेन्सेंट या चिनी गेम कंपनीबरोबर स्विच हा कन्सोल आला, २,०९९ युआनला, पहिल्या दिवशी गेम एकच, मारिओचा. बाहेरची कार्ट्रिज (गेमचं कार्ड) त्यात चालायची, पण अपडेट नाही, बाहेरच्या लोकांशी ऑनलाइन खेळणं नाही. एवढी बलाढ्य टेन्सेंट पाठीशी असून हे हाल! शेवटी नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांनी तिथलं स्विचचं ऑनलाइन दुकान २०२६ मध्ये गुंडाळणार असल्याचं जाहीर करून टाकलं.

प्रश्न : तिकडे मुलांना आठवड्यात तीनच तास गेम खेळता येतो असं वाचलं. मग कन्सोल घेऊन उपयोग काय? – एक पालक

उत्तर : नियम २०२१ चा आहे. १८ च्या खालच्यांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री ८ ते ९, बस. पण हा नियम ऑनलाइन गेम देणाऱ्या कंपन्यांवर आहे, खऱ्या नावाने लॉगिन करायला लावून त्यांनी वेळ मोजायचा असतो. डिस्क घालून एकट्याने खेळायच्या गेममध्ये लॉगिनच नाही, तर मोजणार कोण? तिथे आईबापच पोलीस.

प्रश्न : ब्लॅक मिथ वुकोंग हा चिनी गेम आल्यावर तरी चीनमध्ये कन्सोल विकले गेले ना? – ओंकारचा मित्र

उत्तर : पीएस५ ला हात मिळाला हे खरं. तो तिथे मे २०२१ पासून ३,८९९ युआनला होताच, पण लोकांना घ्यायला कारण हवं होतं. ते २० ऑगस्ट २०२४ ला मिळालं, गेम घरचा, गोष्ट वानरराजाची, किंमत २६८ युआन, आणि तीन दिवसांत सगळीकडचे मिळून १ कोटी विकले गेले. एक्सबॉक्सवर तेव्हा तो नव्हताच, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं नशीब इथेही फुटकं. पण हुरळून जाऊ नकोस, स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर एकाच वेळी २४ लाखांच्या वर लोक हा गेम खेळत होते, म्हणजे गर्दी होती ती पीसीवर, नेट कॅफेवाल्या पिढीला टीव्हीसमोर बसवणं अजून कोणाला नीट जमलेलं नाही.