शेठनं दवाखाना केला, आता दावा कसा करू?

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्री कामगाराच्या पत्नीनं प्रश्न विचारलाय. ओतकामाच्या वेळी लोखंडाचा रस पायावर सांडला, उजवं पाऊल भाजलं. मालकानं खासगी दवाखान्याचे 60 हजार भरले. आता दोन महिने झाले, नवरा घरीच आहे आणि पगार बंद आहे. पगारपत्रकात ईएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) कपात मात्र दिसते. त्या लिहितात, “हे म्हणतात, त्यांनी एवढं केलं, वर भरपाई मागायची म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजणं. चूक पण माझीच, पायात सेफ्टी बूट नव्हते. आणि मागितली तर काम जाईल. मी काय करू?”

ताई, तुमच्या यजमानांची तिन्ही वाक्यं मी याआधी जशीच्या तशी ऐकली आहेत. नुसते शब्द नाहीत, त्यांचा क्रमही हाच: आधी उपकार, मग चूक, शेवटी काम. म्हणून आधी सुदामची गोष्ट सांगते. नाव बदललंय, ओळख पटेल असे तपशीलही.

सुदाम मूळचा लातूरकडचा, वय 32. भोसरीच्या एका छोट्या प्रेस शॉपमध्ये ऑपरेटर. सगळे मिळून सात-आठ माणसं, त्यामुळे ईएसआय नाही. 2021च्या नोव्हेंबरात रात्रपाळीला पॉवर प्रेसमध्ये त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. तर्जनी आणि मधलं, दोन्ही मुळापासून. माझ्याकडे तो जानेवारीत आला, तोही बायकोनं ओढून आणला म्हणून. तासभर बसला, पण हात खिशातून बाहेर काढला नाही. चहा डाव्या हातानं प्यायला. बोलत होती ती रेखा.

मी विचारलं, “सुदामभाऊ, झालं कसं?”

“चूक माझीच हो मॅडम. पायडल मीच दाबलं.”

पॉवर प्रेसला खरं तर दोन बटणं असतात. दोन्ही हात बटणांवर असले तरच रॅम (वरून दाबणारा भाग) खाली येतो, म्हणजे हात डायमध्ये, खालच्या साच्यात, राहायचा प्रश्नच नाही. पण त्यानं काम हळू होतं. सुपरवायझरनं ती बटणं बंद करून पायाच्या पेडलवर मशीन लावलं होतं, कारण एका पाळीत ठरलेले नग निघत नव्हते. अडकलेला जॉब (पत्र्याचा तुकडा) काढायला सुदामनं हात घातला, पाय पेडलवर होता, तो दाबला गेला. पहाटेचे साडेतीन वाजले होते आणि सलग चौथी रात्रपाळी होती. हे सगळं त्यानं सांगितलं आणि शेवटी पुन्हा तेच, “म्हणजे चूक माझीच ना?”

इथं वकिलाच्या आधी माझ्यासारखी समुपदेशक लागते, असं माझं मत आहे. (वकील मंडळींना हे पटत नाही, चालायचंच.) कायद्यानं जितके दावे अडतात त्याहून जास्त या एका वाक्यानं बुडतात. कारण ज्याला चूक आपली वाटते तो कागद गोळा करत नाही. नोटीस पाठवत नाही. समोर येईल त्या कागदावर सही करून मोकळा होतो.

मी त्याला ‘तुमची चूक नव्हती’ असं म्हटलं नाही. ते त्याला पटलं नसतं, आणि पाय त्याचाच होता हेही खरं. एवढंच सांगितलं की चूक कुणाची हे हा कायदा विचारतच नाही. 1923चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा विचारतो, इजा कामावर असताना आणि कामामुळे झाली का? झाली असेल तर भरपाई द्यायची. मालकाला सुटायच्या वाटा मोजक्याच आहेत. कामगार दारू किंवा नशेत होता, त्यानं सुरक्षेचा स्पष्ट दिलेला हुकूम मुद्दाम मोडला किंवा संरक्षक साधन मुद्दाम काढून टाकलं, तर. आणि मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर याही वाटा बंद. घाईत, झोपेत, डोळा लागून झालेली गोष्ट ‘मुद्दाम’मध्ये बसत नाही. बटणं तर सुदामनं काढलीच नव्हती.

यावर तो बराच वेळ गप्प होता. मग खिशातला हात बाहेर आला. मान खाजवायला, मला दाखवायला नव्हे. पण आला.

आता उपकाराचं. शेठनं दवाखान्याचे 45 हजार भरले होते, आणि डिस्चार्जच्या दिवशी शंभराच्या स्टँपवर एक मजकूर पुढे केला होता: 40 हजार रोख मिळाले, यापुढे माझी काही तक्रार नाही. सुदाम सही करणारच होता. अंगठा आणि अनामिकेत पेन धरून तो वीस दिवस सही शिकत होता, मुलीच्या पाटीवर. रेखानं कागद काढून घेतला. मला म्हणाली, “ताई, इतकी मरमर करून सही शिकला, आणि पहिली सही ह्यांच्या कागदावर?”

बाई शहाणी. पण समजा त्यानं सही केली असती, तरी दावा बुडाला नसता. हक्क सोडून देणारा असा करार या कायद्यात निरर्थक ठरतो. समझोता करायचाच तर तो कामगारांच्या भरपाईचे दावे बघणाऱ्या आयुक्तांकडे नोंदवावा लागतो, आणि रक्कम पुरेशी आहे का हे ते बघतात. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण ‘आता सही झाली, काय उपयोग’ म्हणून घरी बसलेले लोक मला दर महिन्याला भेटतात. आणि दवाखान्याचा खर्च? 2009च्या दुरुस्तीनंतर कामावरच्या इजेवर कामगारानं स्वतः केलेला औषधोपचाराचा खर्चही मालकानं भरून द्यायचा असतो. मालकानं उपचारासाठी दिलेले पैसे भरपाईतून वजा होत नाहीत. शेठ माणूस म्हणून वाईट नव्हता, रात्री गाडी काढून तोच दवाखान्यात घेऊन गेला होता. त्याचे आभार मानायला हरकत नाही. आभार वेगळे, हिशेब वेगळा.

हिशेब मी त्याच्यासमोर कागदावर केला. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला पगाराच्या 60 टक्के गुणिले वयानुसार ठरलेला एक आकडा. 32व्या वर्षाला तो 203.85 आहे. हिशेबात पगार जास्तीत जास्त 15 हजार धरतात. सुदामचा 14 हजार. त्याचे 60 टक्के 8,400, गुणिले 203.85, म्हणजे 17,12,340. एका हाताची दोन बोटं गेली तर कमाईची क्षमता 20 टक्के गेली असं कायद्याच्या परिशिष्टातच लिहिलंय, त्यावर वाद घालत बसावं लागत नाही. 17,12,340चे 20 टक्के म्हणजे 3,42,468 रुपये.

तो त्या आकड्याकडे बघत राहिला. म्हणाला, “चाळीस हजार म्हणत होते.”

खरी अडचण पुढेच होती. रेखानं दवाखान्याची फाइल उघडली, तर पहिल्याच केसपेपरवर इतिहास लिहिला होता: मोटारसायकलच्या चेनमध्ये हात अडकून इजा. सुदाम बेशुद्धीच्या काठावर होता, सांगणारा सुपरवायझर होता. डॉक्टरांनी सांगितलं ते लिहिलं. हे फार होतं हो. जिना, दार, गाडीची चेन, विळी, या चार गोष्टींनी जेवढी बोटं कागदोपत्री कापली आहेत, तेवढी प्रत्यक्षात कापली असतील असं मला वाटत नाही. म्हणून ज्यांच्या घरी अजून काही घडलेलं नाही त्यांनाही सांगते: जखमीबरोबर दवाखान्यात जाणाऱ्या घरच्या माणसानं पहिलं काम करायचं ते म्हणजे केसपेपरवर ‘कामावर, अमुक मशीनवर’ असं लिहिलंय का हे वाचणं.

शिवाय पगार. 14 हजारातले 9 बँकेत यायचे, 5 हातात. कागदोपत्री पगार 9 हजार. त्या पगारावर भरपाई निघते 2,20,158 रुपये, म्हणजे सरळ सव्वा लाखाचा खड्डा.

मी विचारलं, हजेरीचा, पगाराचा काहीतरी पुरावा? सुदामनं मान हलवली. रेखा म्हणाली, “कालनिर्णय आहे.”

पुढच्या शनिवारी ती भिंतीवरचं कालनिर्णय गुंडाळी करून घेऊन आली. बाराही महिने. प्रत्येक तारखेच्या चौकोनात कोपऱ्यात दुधाचा आकडा, त्याखाली ‘दि’ किंवा ‘रा’, म्हणजे दिवसपाळी की रात्रपाळी, आणि ओव्हरटाइमचे तास. दर सात तारखेला ‘पगार बँक 9, हात 5’. पुसट निळं पेन, मध्ये कधी पेन्सिल, मध्ये हळदीचं बोट. अपघाताच्या तारखेला ‘रा’ होता, आणि दुधाचा आकडा त्या दिवसापुढे आठवडाभर कोरा. ती दवाखान्यात होती.

एवढ्या वर्षांत मी इतका चांगला पुरावा क्वचित पाहिलाय. त्याच्या जोडीला सुपरवायझरचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप होते (‘आज रात्री ये, दोन नंबर प्रेस’), आणि काम सोडून गेलेला एक सोबती साक्ष द्यायला तयार झाला. सध्या कामावर असलेला एकही तयार झाला नाही. त्यांना दोष देत नाही मी.

फेब्रुवारीत मालकाला रजिस्टर पोस्टानं लेखी नोटीस गेली, पोचपावतीसह. दावा अपघातापासून 2 वर्षांच्या आत लागतो. तो आयुक्तांपुढे चालतो, आणि आपल्याकडे बहुतेक ठिकाणी कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच आयुक्त असतात. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळाला. औद्योगिक कामगाराला तो मिळतो, चौकशीसाठी 15100 हा फोन आहे.

मालकाचं लेखी उत्तर आलं तेव्हा मजा झाली. मजा कसली म्हणा. त्यासोबत विमा पॉलिसी जोडलेली होती! कामगारांच्या भरपाईसाठीचीच. शेठ वर्षानुवर्षं हप्ता भरत होता, कारण ज्या मोठ्या कंपनीची ऑर्डर होती तिच्या ऑडिटला पॉलिसी दाखवावी लागायची. आणि दडवलं ते त्याच कंपनीच्या भीतीनं: अपघात कळला तर ऑर्डर थांबेल. ज्या शेठच्या पोटावर पाय येईल म्हणून सुदाम रात्र-रात्र जागत होता, त्या शेठला बरीचशी रक्कम खिशातून द्यायचीच नव्हती.

विमा कंपनीनं अर्थात चेनचा केसपेपर आणि 9 हजारांचा पगार, दोन्ही पुढे केले. तारखा पडल्या. मधल्या काळात सुदामचं काम गेलंच, हे लपवत नाही. काढलं नाही, आधी प्रेसवरून झाडलोटीला लावलं, मग पाळ्या कमी केल्या, मग तोच जायचा थांबला. ते सहा महिने वाईट गेले. प्रेसचा आवाज आला की तो रस्ता बदलायचा. रेखानं दोन घरची पोळ्यांची कामं धरली. आमच्या भेटींत कायद्यापेक्षा याच गोष्टी जास्त असायच्या: लोकांसमोर हात कसा धरायचा, मुलीनं हात धरला तर झटकायचा नाही, गावी दिवाळीला जायचं की नाही.

2024मध्ये लोकअदालतीत प्रकरण मिटलं. भरपाई द्यायला महिन्यापेक्षा उशीर झाला तर 12 टक्के व्याज लागतं आणि दंडही लागू शकतो. व्याजातलं थोडं सोडून 3 लाख 90 हजारांवर तडजोड झाली. 9 हजार पगारावरचा वाटा विमा कंपनीनं दिला, वरचा शेठनं. जास्त ताणता आलं असतं का? आलं असतं. मी थांबा म्हणाले असते का? नाही. सुदाम आता एका गोडाऊनला पॅकिंगवर आहे.

आता ताई, तुमचं. तुमचं प्रकरण सुदामपेक्षा वेगळ्या वाटेनं जाणार. पगारातून ईएसआय कापली जातेय, म्हणजे 1923च्या कायद्याखाली वेगळी भरपाई मागता येत नाही, ईएसआयकडूनच मिळते. आणि ती मालकाच्या खिशातून जात नाही. त्यासाठी दरमहा यजमानांच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के आधीच भरले जातात. तेव्हा वासे मोजायचा प्रश्न नाही, घर दोघांनी मिळून बांधलंय.

लक्ष फक्त एका गोष्टीकडे ठेवा. नोंद ‘आजारपण’ अशी झाली तर पगाराच्या 70 टक्के मिळतात, तेही वर्षाला 91 दिवसच. ‘कामावरची इजा’ अशी झाली तर 90 टक्के, आणि पाय बरा होऊन कामावर जाता येईपर्यंत. कायमचा अधूपणा राहिला तर मेडिकल बोर्ड टक्केवारी ठरवतं आणि त्या प्रमाणात दरमहा रक्कम आयुष्यभर येते. कामाला लागून कालपरवाच कार्ड निघालं असलं तरी चालतं. बुटांचं म्हणाल तर मालकाच्याच कामासाठी राबताना नियम मोडला गेला, एवढ्यानं ती कामावरची इजा नाही असं होत नाही. कामाची भीती खरी आहे, पण तात्पुरत्या अपंगत्वाचे पैसे चालू असताना कामावरून काढायला ईएसआयच्या कायद्यात मनाई आहे. सुदामला हे कवच नव्हतं, तुम्हाला आहे.

21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाल्यानं हे दोन्ही कायदे एका छपराखाली आले आहेत. कलमांचे आकडे बदललेत, तेव्हा अर्ज लिहिताना जुनी झेरॉक्स उतरवू नका, ईएसआयच्या शाखा कार्यालयातूनच नमुना घ्या.

या आठवड्यात दोन कामं करा. दवाखान्यातून पहिल्या दिवसाच्या केसपेपरची नक्कल काढा आणि त्यावर फाउंड्रीचा उल्लेख आहे का बघा. आणि मालकानं ईएसआयला अपघाताचा अहवाल पाठवलाय का, हे यजमानांचा विमा क्रमांक घेऊन शाखा कार्यालयात विचारा. पाठवला नसेल तर तिथंच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. यजमान येत नसतील तर तुम्ही एकट्या जा, पण जाताना कॅलेंडर बघून जा. दुधाचा हिशेब लिहिता ना?